विराबिलाला गाडी का थांबते

१ सप्टेंबर, रविवार

आजपासून लिहायचं ठरवलंय, कारण घरात बोलायला कुणी उरलेलं नाही. नवरा आहे म्हणा, ॲथल. पण ॲथलशी बोलणं आणि त्याच्या शेडमधल्या गवत कापायच्या यंत्राशी बोलणं यात फरक एवढाच, की यंत्र कधीतरी सुरू होतं.

फादर्स डे म्हणून मेलबर्नहून कॅरिनचा फोन आला. बापलेकीचं बोलणं "हां", "बरं", "पाऊस नाही" एवढ्यात आटोपलं आणि फोन माझ्या हातात. मग लेकीनं नवी टूम काढली. कॉम्प्युटरवर आगगाडी चालवायचा एक खेळ असतो म्हणे, खरा ड्रायव्हर बसतो तसं बसून चालवायची. त्यात कुणीतरी सिडनी ते मेलबर्न अख्खा वेगवान मार्ग तयार करून फुकट ठेवलाय. ताशी साडेतीनशेची गाडी! म्हणजे माझं लग्न झाल्यापासून दर निवडणुकीत आम्हाला कबूल करतात आणि मतं मोजून झाली की विसरतात, तीच.

"आणि मम, ती विराबिलाला थांबते!"

मी म्हटलं, "थट्टा करू नकोस. आपल्याकडे साधी गाडीसुद्धा आधी सांगून ठेवल्याशिवाय थांबत नाही."

पण कल्पना मनात बसली. अकरा ऑक्टोबरला ॲथलचा वाढदिवस, आणि बाराला एजंट 'घर विकणे आहे'ची पाटी लावायला येणार. जन्मभर इंजिन चालवलेला माणूस आहे. एकदा स्वतःच्या हातानं गाडी हाकत मेलबर्नला पोचला, तर खरं जाणं त्याला कमी जड जाईल.

जायचं खरं कारण मी कुणालाच सांगितलेलं नाही. सगळ्यांना सांगते की मला नातवंडांजवळ राहायचंय. खरं असं की ॲथलचं डोकं हळूहळू जातंय. हिवाळ्यात एका सकाळी चहा पिताना विचारतो, "ग्लेन, स्टेशनातल्या चहाच्या खोलीचं दार आधी कुठल्या रंगाचं होतं?" आधी म्हणजे? ती खोली बंद होऊन जमाना झाला! मग फलाटाच्या टोकाला पामची झाडं किती होती. मग धान्याच्या सायलोच्या शिडीचं तोंड कुठल्या बाजूला. मर्ल शेजारीण म्हणते तिच्या दिराचं अस्संच सुरू झालं होतं. मेलबर्नला डॉक्टर आहेत, कॅरिन आहे. इथे मी एकटी काय करणार?

मेलबर्नचं सांगितलं तेव्हा ॲथल खिडकीतून बराच वेळ बाहेर बघत राहिला आणि म्हणाला, "बरं." ज्या घरात आमचा संसार झाला त्या घराबद्दल, बरं! मला तेव्हाच कळलं की याला काही उमजत नाहीये.

४ सप्टेंबर, बुधवार

फाइल उतरवायला घेतली. आमचं इंटरनेट म्हणजे दुष्काळातली नदी. सकाळी लावलं, दुपारी मर्लनं व्हिडिओवर फोन केला आणि सगळं मुसळ केरात. पुन्हा पहिल्यापासून.

ॲथलनं गेल्या वर्षी शेडपर्यंत इंटरनेट ओढून घेतलं, यंत्रदुरुस्तीचे व्हिडिओ बघायला. तेही दिवसभर ओढत असतं. इतके व्हिडिओ बघून एव्हाना विमान तयार झालं असतं.

७ सप्टेंबर, शनिवार

उतरली एकदाची! उलगडली, खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवली, सुरू केलं. मार्गांच्या यादीत आमच्या मार्गाचं नावच नाही. दोन तास डोकं फोडलं. शेवटी कळलं की फोल्डरच्या आत त्याच नावाचं आणखी एक फोल्डर आहे आणि माल त्या आतल्यात आहे. डब्यात डबा. आतला डबा बाहेर काढला आणि यादीत नाव आलं. मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या, कुत्रा भुंकायला लागला.

ॲथल आत आला, डोक्यावर आइस्क्रीमची बादली. वसंत आला की तो मॅगपाय पक्षी त्याच्या टाळूवर झडप घालतो, म्हणून शेडपासून घरापर्यंत बादली घालून येतो, मागच्या बाजूला डोळे काढलेली. ते सगळेच करतात. मी पटकन कॉम्प्युटर टॉवेलखाली झाकला.

"काय झाकलंस?"

"पीठ फुगायला ठेवलंय."

"बरं," म्हणाला. टॉवेलखालून पंख्याची घरघर येत होती. पूर्वीचा ॲथल असता तर सोडलं नसतं.

१० सप्टेंबर, मंगळवार

मार्ग उघडला. बघते तर काय, नुसती तपकिरी जमीन आणि हवेत तरंगणारे रूळ. ना झाड, ना खांब, ना सिडनी. आणि समोर लाल अक्षरांत लांबलचक यादी, हे हे भाग सापडत नाहीत.

आधी मला वाटलं आपल्याला फसवलं. मग लक्षात आलं, हे तर आपल्या हॉलमधल्या जेवणासारखं आहे. आमंत्रणात 'येताना एक ताट आणा' लिहिलेलं असतं ना, तसं. यजमान फक्त टेबल मांडतो. यानं रूळ मांडले. झाडं एकाची, कुंपणं दुसऱ्याची, गाई तिसऱ्याच्या. ज्याचं त्याच्या घरून आणायचं. त्यात नवीन माणसाची फजिती होतेच. आमच्या त्या नव्या पाद्रीबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा खरंच रिकामं ताट घेऊन आल्या होत्या. आज मी त्यांच्या जागी.

आता घरोघर फिरून झाडं गोळा करते.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

या खेळवाल्यांचा एक कट्टा आहे, तिथं प्रश्न विचारता येतात. चहाबरोबरचे माझे छोटे पाव, स्कोन, गावात नावाजलेले, म्हणून 'स्कोनवाली' नावानं आत शिरले. मार्ग करणाऱ्याचं तिथलं नाव 'मॅगपाय'. नाव ठेवायला तोच एक पक्षी सापडला! मी सभ्यपणे विचारलं की ओव्हरहेड तारा का दिसत नाहीत. उत्तर आलं: "सूचना वाचा."

बास. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी लिहिलं: "वाचल्या. त्या लिहिणाऱ्यानं परत वाचल्या असत्या तर बरं झालं असतं. पाचव्या ओळीत सांगितलेली फाइल अस्तित्वातच नाही."

थोड्या वेळानं: "फाइल घातली आहे. पुढच्या वेळी जरा गोड बोलावे."

मला गोड बोलायला शिकवतो! सिडनीतला कुणीतरी रिकामटेकडा असणार. याची बायको याला कशी सहन करते, देव जाणे.

जेवताना ॲथल चिडचिडा. काटा आपटून म्हणाला, "जगात काही बायका नुसत्या चुका काढायला जन्माला येतात."

"आणि काही पुरुष चुका करायला," मी म्हटलं. मला आपला तो मॅगपाय डोळ्यांसमोर. मग जेवायला लागलो. बटाट्यांचा लगदा झाला होता. ॲथल नोकरीत होता तेव्हा सोपं होतं; मालगाडी घेऊन सायलोच्या फाटकाशी आला की शिट्टी द्यायचा, एक लांब, दोन आखूड, आणि मी बटाटे टाकायचे. इंजिन लावून, हजेरी देऊन घरी येईपर्यंत बटाटे बरोब्बर. नियमात फक्त लांब शिट्टी होती. त्या दोन आखूड शिट्ट्यांपायी साहेबाची बोलणी खाल्ली, पण सोडल्या नाहीत. आता शेडमधून कधी उगवेल त्याचा नेम नाही, त्यामुळे एक दिवस कच्चे, एक दिवस खळ.

१७ सप्टेंबर, मंगळवार

झाडं आली, पण कुठली? आमच्या निलगिरीच्या जागी बर्फाळ देशातली सूचिपर्णी झाडं! सिडनीबाहेर पडलं की थेट नॉर्वे. मॅगपायनं सांगितलं, "जुनी आवृत्ती काढा, मग नवी घाला." यावेळी निदान दोन वाक्यं बोलला. केलं आणि सगळीकडे निलगिरी उगवल्या. बाई, काय आनंद झाला!

कॉम्प्युटर मात्र तव्यासारखा तापतो आणि ऐन वेगात मान टाकतो. स्कोन गार करायची जाळी असते ना, तिच्यावर ठेवला. खालून वारा लागला आणि बिचारा सुधारला. कट्ट्यावर हे लिहिलं तर सतरा देशांतल्या बाप्यांनी वाहवा केली. मॅगपायनं नाही केली.

आणि आज मी विराबिला पाहिलं.

गाडी चालवत नाही गेले, नुसती नकाशावरून उतरले. सायलो होता. शिडी बरोबर बाजूला. फलाटाच्या टोकाला पामची झाडं. चहाच्या खोलीचं दार निळं! मी खुर्चीत टेकून बघतच बसले. सिडनीतल्या माणसाला हे कसं माहीत? जुने फोटो मिळवले असतील कुठून तरी. पण महिलामंडळाच्या हॉलचं छप्पर लाल. लाल! ते मुळात हिरवं होतं. मी लगेच कळवलं.

तो: "छप्पर लालच आहे."

मी: "आता आहे. चहाची खोली उघडी होती तेव्हा हिरवं होतं. एक काय तो काळ धरा."

तो: "पुरावा?"

मी: "माझे वडील ते रंगवताना खाली पडले. पुरावा म्हणून त्यांचं ढोपर आता आणू कुठून?"

१९ सप्टेंबर, गुरुवार

मर्लचा फोन, आवाज दबका. "अगं ग्लेन, घाबरू नकोस. ॲथल हॉलला शिडी लावून वर चढलाय आणि खिशातल्या चाकूनं छप्पर खरवडतोय. मी विचारलं काय करतोस, तर म्हणतो, 'एका बाईचं तोंड बंद करायचंय.' कुठली बाई गं?"

नसलेल्या बायका दिसायला लागल्या! धावत गेले, गोड बोलून खाली उतरवला. चेहरा पडलेला. घरी येईपर्यंत एकच वाक्य बोलला, "खाली हिरवा निघाला."

"हो रे राजा," मी म्हटलं. लहान मुलाशी बोलतात तसं बोलले. तोंड फिरवून डोळे पुसले. मंगळवारची डॉक्टरची वेळ घेतली.

मन रमवायला कट्टा उघडला. मॅगपायनं लिहिलं होतं: "स्कोनवाली बरोबर. छप्पर हिरवे केले आहे." चुकलो म्हणणारा पुरुष पहिल्यांदाच पाहिला. कुणाला तरी फोन करून विचारलेलं दिसतंय. ॲथलच्या काळजीत नसते तर जिंकल्याचा केक केला असता.

२४ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टरकडे. ॲथलला सांगितलं होतं की रक्तदाब बघायचाय. डॉक्टरनं विचारलं, "आज वार कुठला?"

ॲथल म्हणाला, "भिंतीवर कॅलेंडर आहे तुझ्या. डोळे तपासून घे."

"घड्याळ काढून दाखवाल?"

यानं काढलं. नुसतं घड्याळ नाही, स्टेशनचं घड्याळ, खांबासकट, खांबावरच्या पोपडे गेलेल्या रंगासकट. मग डॉक्टरलाच विचारतो, "तुझ्या दवाखान्याच्या जागी आधी खाटकाचं दुकान होतं. त्याचा पडदा पट्ट्यापट्ट्यांचा होता का रे?"

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाला, "जुन्या गोष्टी लख्ख आठवतायत." हे लोक वाईट बातमी अशीच देतात. मला माहीत आहे.

२८ सप्टेंबर, शनिवार

फुटबॉलची अंतिम लढत, अख्खं गाव टीव्हीसमोर. ॲथल म्हणतो, "ग्लेन, तो निळा स्वेटर घाल आणि स्टेशनवर चल."

"मॅच सोडून?"

"पाच मिनिटं."

मी गेले. हल्ली त्याला नाही म्हणवत नाही. ओसाड फलाटावर मला उभी केली आणि फोननं फोटो काढत सुटला. समोरून, बाजूनं, पाठीमागून. "आता वळ. सावकाश. घराकडे निघालीस असं समज. परत वळ." लग्नात याच्याकडे कॅमेरा होता तेव्हा यानं इंजिनाचे फोटो काढले होते! मी विचारलं, "कशाला रे हे सगळं?"

म्हणाला, "लक्षात राहावीस म्हणून."

म्हणजे त्यालाही कळलंय. आपण विसरत चाललोय हे त्यालाही कळलंय. फलाटावरच रडू फुटलं असतं, पण तो म्हणाला, "हलू नको, फोटो हलतो." घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडला आणि रडून घेतलं. कोण जिंकलं ते विचारायचंही राहिलं.

१ ऑक्टोबर, मंगळवार

आज पहिल्यांदा गाडी चालवली! सिडनीहून निघाले, वेग वाढला, निलगिरी सपासप मागं पडायला लागल्या, हातात स्कोनचं पीठ तसंच. काय मजा येते, सांगता येत नाही. ॲथल जन्मभर 'कामावर चाललो' म्हणत हे करत होता आणि पगारही घेत होता, लबाड कुठला.

विराबिलाला थांबले. पुढचा सिग्नल लाल. फलाटावर धूसर निळसर काहीतरी उभं, बहुतेक खांब. आमच्या यंत्राला बारीक गोष्टी दिसत नाहीत. थांबले. आणखी थांबले. सिग्नल लालच. स्कोन भाजून झाले तरी लाल.

कट्ट्यावर पाहिलं तर हीच बोंब. नव्या आवृत्तीपासून जर्मनीतला, जपानमधला, झाडं देणारा नॉर्वेजियन, सगळे विराबिलाला अडकून पडलेत. कुणी म्हणतो दारं उघडून मिटा, कुणी म्हणतो फाइल पुन्हा घाला. मॅगपायचं एकच पालुपद: "बिघाड नाही. तिथे गाडी थांबते." अरे, थांबते हे दिसतंय! सुटते कधी?

७ ऑक्टोबर, सोमवार

आठवडाभर सगळं करून पाहिलं. काढलं, घातलं, आवृत्ती बदलली, सगळी झाडं उपटून पुन्हा लावली. सिग्नल ढिम्म. चार दिवसांवर वाढदिवस आला. आज सुट्टी, ॲथल सकाळपासून शेडमध्ये. मी रडकुंडीला आले आणि कट्ट्यावर सगळ्यांसमोर लिहिलं:

"मॅगपाय, भांडण बाजूला ठेवते. माझा नवरा रेल्वेत ड्रायव्हर होता. त्याची बुद्धी चाललीय. दारांचे रंग विचारतो, छपरं खरवडतो. आम्ही घर विकून मेलबर्नला जातोय आणि त्याला नीट कळतही नाही. शुक्रवारी त्याचा वाढदिवस आहे. अजून मला ओळखतोय तोवर एकदा त्याला ही गाडी मेलबर्नपर्यंत नेऊ दे. तुझ्या पाया पडते, तो सिग्नल सोड."

दुपारपर्यंत उत्तर नाही. एरवी लगेच टोचून बोलणारा माणूस. चार वाजता आलं: "बाई, सिग्नल मला सोडता येत नाही. तुमचा नवरा ड्रायव्हर होता ना? घरी येताना तो जे करायचा ते करा."

घरी येताना काय, बूट काढायचा! असला सल्ला.

संध्याकाळी ॲथल आत आला तो दारातच उभा राहिला. डोळे लाल, म्हणाला, वेल्डिंगचा धूर. मग आपण होऊन टेबल मांडलं. बटाटे दगडासारखे होते, हूं की चूं न करता खाल्ले. मधेच काटा खाली ठेवून म्हणाला, "आज सोमवार. सात ऑक्टोबर. कामगारांची सुट्टी. तुझं नाव ग्लेनिस ॲन टकवेल, माहेरचं बॅजरी. आपल्या कुत्र्याचं नाव स्पॅनर."

आता न विचारता नावं म्हणून बघायला लागला, विसरू नये म्हणून! मी म्हटलं, "हो रे, सगळं बरोबर." त्यानं माझा हात थोपटला. भांडीही घासली. इतकं वाईट चिन्ह आजवर दिसलं नव्हतं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आजचं सगळं क्रमानं लिहिते.

दुपारी शेवटचा प्रयत्न म्हणून गाडी काढली. विराबिला, लाल सिग्नल. मी बटाटे सोलत बसले. आज कधी टाकावेत या विचारात होते. शेडमधून हा कधी येणार कुणास ठाऊक, पूर्वीसारखी शिट्टी असती तर.

सालकाढणं हातातून पडलं.

घरी येताना तो जे करायचा!

शिट्टीचं बटण शोधलं. आवाज पूर्ण मोठा केला. एक लांब. दोन आखूड.

सिग्नल हिरवा झाला.

मी खुर्चीतून उठलेच. आणि मग फलाटावरचा तो निळा खांब हलला. खांब नव्हता. जवळ जाऊन बघितलं, निळा स्वेटर घातलेली बाई. सावकाश वळली, उजवा पाय थोडा ओढत, माझा पडतो तस्साच, आणि घराच्या वाटेला लागली.

मी बघतेय तोवर मागचं दार वाजलं. ॲथल आत आला, डोक्यावर बादली. नळाखाली हात धुता धुता म्हणाला, "टाकलेस बटाटे?" सवयीनं! शिट्टी ऐकून उलट तोच घरी आला. मग त्याला कॉम्प्युटरचा पडदा दिसला, आणि माझा चेहरा दिसला, आणि तो होता तिथंच उभा राहिला. बादलीच्या मागच्या डोळ्यांसकट.

"मॅगपाय," मी म्हटलं.

"स्कोनवाली," तो म्हणाला.

"कधी कळलं तुला?"

"सोमवारी. माझी बुद्धी चाललीय ते वाचलं तेव्हा."

"गवत कापायचं यंत्र?"

"ते मागच्या वर्षीच मोडीत दिलं. वीस पावलं चालून शेडमध्ये डोकावली असतीस तर दिसलं असतं."

मी हातातला टॉवेल त्याला फेकून मारला. "मूर्ख माणसा! मी डॉक्टर केले! न्हाणीघरात नळ सोडून रडले! तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"पुरं झाल्यावर दाखवणार होतो." बादली काढून हातात धरली. "तुला पोरांजवळ जायचं होतं, ग्लेन. तू आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नाहीस, हे मागितलंस. नाही कसं म्हणू? पण हे गाव सोडून मला राहता येणार नाही हेही माहीत होतं. म्हणून म्हटलं, गाव बरोबर घ्यावं. दारं, झाडं, सगळं. तू फलाटावर उभी आहेस असं."

मग मी ढसाढसा रडले. नळ न सोडता. त्यानं मला धरलं, त्याच्या अंगाला कसलाही वेल्डिंगचा वास येत नव्हता.

"मला कुठं जायचं होतं?" मी म्हटलं. "मी तुझ्यासाठी जात होते. तिथं डॉक्टर आहेत म्हणून."

"म्हणजे तुला मेलबर्नला जायचं नाही?"

"मेलबर्नला माझं काय पुरलंय!"

त्यानं खाली पडलेला टॉवेल उचलला. मग म्हणाला, "छप्पर लालच छान दिसत होतं."

बटाटे राहिलेच. अंडी-टोस्ट खाल्ले.

१२ ऑक्टोबर, शनिवार

काल वाढदिवस झाला. ॲथलनं गाडी मेलबर्नपर्यंत नेली, मी शेजारी बसून जिथं तिथं चुका दाखवल्या. मेलबर्नला कॅरिनची गल्ली अर्धीच झालीय, तिच्या घराला दारच नाही. तिला फोनवर सगळं सांगितलं, तर हसता हसता ठसका लागला पोरीला. म्हणाली, तुम्ही दोघं एका घरात राहता ना नक्की? दर महिन्याला तिच्याकडे जायचं ठरलं, साध्या गाडीनं, डबा घेऊन. ॲथलला गल्ली मापायचीच आहे.

आज सकाळी एजंट आला, टोकदार बूट घातलेला, पाटी खांद्यावर. ॲथलनं खांबासाठी खड्डा बुधवारीच खणून ठेवला होता, मुकाट्यानं, खोल आणि गोल. मी एजंटला चहा दिला, स्कोन दिले आणि पाटीसकट परत पाठवला. तो म्हणाला, "पण खड्डा तयार आहे."

"तो लिंबासाठी," ॲथल म्हणाला.

मर्लकडचं रोप आणून लावलं. पाणी घालून झाल्यावर ॲथल बादली घालून शेडकडे निघाला. मी विचारलं, आता काय राहिलं? म्हणाला, "लिंब घालायला नको का? नवी आवृत्ती काढावी लागणार."

२० ऑक्टोबर, रविवार

लिंबाला नवं पान फुटलं. बटाटे आठवडाभर बरोबर होतायत. शेडमधल्या कॉम्प्युटरवर तो शिट्टी देतो, मला खिडकीतून ऐकू येते.

कट्ट्यावर मी उत्तर लिहून टाकलं, कारण मॅगपाय लिहिणार नाही, त्याला लाज वाटते. लिहिलं की विराबिलाला बिघाड नाही, एक लांब, दोन आखूड शिट्टी द्या. दिवसभरात सगळे सुटले. जपानवाला सुटला, नॉर्वेवाला सुटला. संध्याकाळी जर्मनीतल्या गृहस्थानं विचारलं: "आभारी आहे, सिग्नल मिळाला. पण शिट्टी दिली की फलाटावरची ती बाई लगबगीनं कुठं जाते?"

मी लिहिलं, बटाटे टाकायला.